व्हीएमआय आणि वॉशिंग्टन अँड ली : एका दिवसात दोन्ही कॅम्पस कसे पाहावेत

व्हर्जिनिया राज्यात शेनान्डोआ खोऱ्यात लेक्झिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथे दोन जुन्या शिक्षणसंस्था अक्षरशः कुंपणाला कुंपण लावून उभ्या आहेत. एक व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे व्हीएमआय. दुसरी वॉशिंग्टन अँड ली युनिव्हर्सिटी. एका बाजूला राखाडी गणवेशातली शिस्त आणि शेजारी पांढऱ्या खांबांची लाल विटांची निवांत इमारत. मधलं अंतर पायी पाच-सात मिनिटांचं. वॉशिंग्टन डीसी, नॉर्दर्न व्हर्जिनिया किंवा रिचमंडला राहणाऱ्यांना ही एका दिवसाची सहल सहज जमते. भारतातून आलेल्या आईबाबांना किंवा कॉलेज शोधणाऱ्या मुलांना घेऊन जायलाही जागा चांगली आहे. मात्र वार चुकला की अर्धं पाहायचं राहून जातं, आणि जुनी पुस्तकं किंवा नकाशे हातात असतील तर नावांचा गोंधळ उडतो.

१. आधी दोन्ही संस्थांची ओळख करून घ्या

व्हीएमआयची स्थापना ११ नोव्हेंबर १८३९ ची. राज्य सरकारच्या मदतीवर चालणारं हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं लष्करी कॉलेज. आधी इथे राज्याचं शस्त्रागार होतं आणि त्यावर पहारा देणारे पगारी शिपाई होते. त्या शिपायांच्या जागी विद्यार्थी ठेवावेत, त्यांनी पहाराही द्यावा आणि शिकावंही, अशी मूळ कल्पना. दारावरचा कॅडेट पहारेकरी आजही तिथे दिसतो, तो या परंपरेतून.

पुण्याच्या लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच खडकवासल्याची एनडीए येते, पण दोन्हींत मोठा फरक आहे. एनडीएतून बाहेर पडणारा सैन्यातच जातो. व्हीएमआय हे राज्याचं कॉलेज आहे, तिथली पदवी नेहमीचीच. चार वर्षं आरओटीसी, म्हणजे कॉलेजात शिकताना मिळणारं अधिकारीपदाचं लष्करी प्रशिक्षण, सगळ्यांना सक्तीचं असलं, तरी सैन्यात अधिकारी व्हायचं की नाही हे कॅडेट ठरवतो. शिष्यवृत्ती किंवा करार घेतला असेल तर गोष्ट वेगळी. दुसरा फरक पाहुण्यांच्या सोयीचा आहे. एनडीएत जायला आधी परवानगी काढावी लागते. व्हीएमआयच्या आवारात, ज्याला तिथे 'पोस्ट' म्हणतात, तुम्ही थेट चालत जाऊ शकता.

वॉशिंग्टन अँड ली खासगी आहे आणि आणखी जुनी. १७४९ मध्ये एक छोटी शाळा म्हणून ती सुरू झाली. १७९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तिला जेम्स रिव्हर कालवा कंपनीचे समभाग दिले आणि बुडायला आलेली संस्था तरली. नावातलं 'ली' आलं ते जनरल रॉबर्ट ई. ली यांच्यावरून. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात दक्षिणेचं सैन्य हरल्यावर १८६५ ते १८७० ते इथे अध्यक्ष होते.

२. दिवस निवडा : शक्यतो शुक्रवार

सहलीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. सत्र चालू असताना व्हीएमआयची संचलनं बहुधा शुक्रवारी दुपारी उशिरा होतात. संपूर्ण 'कोअर', म्हणजे कॅडेट्सची सगळी तुकडी, बँडसह मैदानावर उतरते, स्कॉटिश पाइप वाजतात, तोफेचा बार होतो. हे पाहिलं नाही तर व्हीएमआय म्हणजे नुसत्या इमारती.

सत्र साधारण ऑगस्टअखेर ते मेच्या मध्यापर्यंत चालतं. थँक्सगिव्हिंगचा आठवडा, डिसेंबर-जानेवारीची सुट्टी, मार्चमधली 'स्प्रिंग फर्लो' ही सुट्टी आणि परीक्षांचे दिवस सोडा. पाऊस किंवा चिखल असेल तर संचलन ऐनवेळी रद्द होतं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी संस्थेच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक पाहा. उन्हाळ्यात गेलात तर कॅडेट्स जवळपास नसतातच. संग्रहालयं तेवढी पाहून होतील.

१५ मे जमला तर उत्तमच. १८६४ मध्ये याच दिवशी व्हीएमआयचे २५७ कॅडेट दक्षिणेच्या बाजूने न्यू मार्केटच्या लढाईत उतरले. सुमारे ८० मैल ते चालत गेले होते. दहा जण कामी आले. दरवर्षी त्या दिवशी हजेरी घेताना या दहा जणांची नावं पुकारली जातात आणि आजचा एक कॅडेट प्रत्येकाच्या वतीने उत्तर देतो : 'रणभूमीवर वीरमरण.'

शनिवारी जाणार असाल तर फुटबॉलचा सामना आहे का ते पाहा. असेल तर पार्किंग मिळत नाही आणि हॉटेलचे दर चढतात. दोन्ही संस्थांच्या पदवीदानाच्या दिवसांत, म्हणजे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, खोली मिळणं अवघड. रविवारी सकाळी विद्यापीठाचं चॅपल पर्यटकांसाठी बंदच असेल असं धरून चला.

३. सोबत काय घ्यावं

· फोटो असलेलं ओळखपत्र. पोस्टवर कोणी विचारत नाही, पण ते असावं. भारतातून आलेल्यांनी पासपोर्टची प्रत ठेवावी.
· संचलनासाठी घडीच्या खुर्च्या किंवा जाड चादर. मैदानाच्या कडेला सावली कमी, म्हणून टोपी आणि पाण्याच्या बाटल्या.
· चालायचे बूट. दोन्ही कॅम्पस उंचसखल आहेत, विटांचे रस्ते ओबडधोबड आणि पायऱ्या भरपूर.
· थोडी सुट्टी रोकड, देणगीपेटीसाठी.
· लहान मुलं असतील तर कानाला लावायला काहीतरी. तोफेचा आवाज खराच मोठा असतो.
· घरचा डबा. गाव छोटं आहे. शाकाहारी जेवण मिळतं, पण पिझ्झा, सॅलड आणि सँडविच एवढ्यावरच भागवावं लागतं. दुपारचं जेवण संपल्यावर बरीच ठिकाणं संध्याकाळपर्यंत बंद राहतात. दशम्या-चटणी किंवा पुलाव सोबत असला की वेळापत्रक आपल्याच हातात राहतं. डबा खायला मॉरी नदीकाठचं जॉर्डन्स पॉइंट पार्क चांगलं, गाडीने दोन-तीन मिनिटांवर.

४. पोहोचायचं कसं

पहिली खबरदारी पत्त्याची. केंटकीत लेक्झिंग्टन आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि ती दोन्ही याच्याहून मोठी आहेत. जीपीएसमध्ये पिनकोड २४४५० टाका. आणि 'वॉशिंग्टन' अँड ली वॉशिंग्टन शहरात नाही, हे भारतातून हॉटेल बुक करणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

डीसीहून अंतर सुमारे १९० मैल, म्हणजे ३०५ किलोमीटर. आय-६६ ने पश्चिमेला आणि मग आय-८१ ने दक्षिणेला. तीन तास धरा, पण शुक्रवारी दुपारी डीसी परिसरातून निघालात तर आय-६६ वरच तासभर जाईल. संचलन गाठायचं असेल तर सकाळी सातच्या आत घर सोडा. रिचमंडहून आय-६४ ने सुमारे १४० मैल. वाटेत ॲफ्टन डोंगरावर दाट धुकं पडतं. तिथे रस्त्याच्या कडेने दिवे बसवलेले आहेत, ते लागलेले दिसले की वेग उतरवा.

स्टाँटन ते लेक्झिंग्टन आय-६४ आणि आय-८१ एकाच रस्त्यावरून धावतात. फाटा येतो तो एक्झिट १९१ ला. तिथे आय-६४ पश्चिमेला धरा, लगेच एक्झिट ५५ ला उतरा आणि यूएस ११ ने दक्षिणेला या. पुढे रस्त्याचे दोन भाग होतात. साधा ११ गावाला वळसा घालतो, 'बिझनेस ११' गावात नेतो. तुम्हाला बिझनेस हवा. हा फाटा चुकला तरी बिघडत नाही, आय-८१ वरच्या एक्झिट १८८बी ने यूएस ६० वरूनही गावात येता येतं.

व्हर्जिनियात वेगाबाबत थट्टा चालत नाही. ताशी ८५ मैलांच्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेलात तर तो नुसता दंडाचा विषय राहत नाही. 'रेकलेस ड्रायव्हिंग' म्हणून फौजदारी गुन्हा लागतो. आय-८१ वर मर्यादा ७० ची आहे, उतार लांब आहेत आणि ट्रकांच्या रांगेतून सुटायच्या घाईत काटा कधी वर गेला ते कळत नाही. एच-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी तर हे फारच गांभीर्याने घ्यावं. रडार डिटेक्टरवर राज्यात बंदी आहे आणि गाडी चालवताना फोन हातात धरणंही बेकायदा आहे.

गाडी नसेल तर व्हर्जिनिया ब्रीझ बसची 'व्हॅली फ्लायर' फेरी डीसीहून लेक्झिंग्टनला येते. थांबा कुठे आहे ते तिकीट काढतानाच पाहा आणि परतीची वेळ संचलनाशी जुळते का तेही. बहुधा मुक्काम करावा लागतो. ॲमट्रॅकने यायचा विचार असेल तर लेक्झिंग्टनला स्टेशन नाही. सोयीचं स्टाँटन, तिथे 'कार्डिनल' गाडी आठवड्यातून तीनच दिवस थांबते आणि पुढचे पस्तीसेक मैल तुमचे तुम्हाला. विमानतळ रोअनोकचा, तासाभरावर.

५. गाडी कुठे लावायची

सरळ व्हिजिटर सेंटरला जा : १०६, ईस्ट वॉशिंग्टन स्ट्रीट. पार्किंग फुकट आहे, स्वच्छतागृह आहे, कागदी नकाशा मिळतो. पुढचं सगळं पायी. व्हीएमआयच्या आवारात किंवा विद्यापीठात गाडी घेऊन फिरण्याचा मोह टाळा. बहुतेक जागा कर्मचारी आणि विद्यार्थ्यांच्या परवान्यांसाठी राखीव असतात आणि पाटी वाचेपर्यंत तिकीट चिकटलेलं असतं. वयस्कर मंडळी असतील तर त्यांना चॅपलजवळ आणि नंतर मैदानाजवळ उतरवून गाडी परत आणा.

६. सकाळ : आधी विद्यापीठ

क्रम महत्त्वाचा आहे. विद्यापीठ सकाळी, व्हीएमआय दुपारी. उलट केलंत तर संचलनाची वेळ होईपर्यंत पुन्हा मागे यावं लागतं.

व्हिजिटर सेंटरकडून वॉशिंग्टन स्ट्रीटवर पश्चिमेला चालत निघालात की ८ नंबरला यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती स्टोनवॉल जॅक्सन यांचं घर लागतं. ते व्हीएमआयमध्ये १८५१ ते १८६१ प्राध्यापक होते. त्यांनी विकत घेतलेलं हे एकच घर. आत फक्त मार्गदर्शकासोबत जाता येतं. हिवाळ्यात काही काळ बंद असतं, म्हणून आधी तपासा. वेळ कमी असेल तर हे सोडलं तरी चालेल.

मेन स्ट्रीट ओलांडून पुढे गेलात की विद्यापीठाची हिरवळ आणि तिच्या माथ्यावर 'कॉलोनेड' दिसेल. लाल विटा आणि पांढऱ्या खांबांची ही लांबलचक रांग. मधल्या इमारतीच्या शिखरावर जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पुतळा आहे. मूळ लाकडी पुतळा १८४४ चा, आता वर दिसते ती त्याची प्रतिकृती. विद्यार्थी त्याला 'ओल्ड जॉर्ज' म्हणतात. वाटेत अनोळखी विद्यार्थी तुम्हाला 'हॅलो' म्हणतील. ही तिथली जुनी प्रथा आहे, उत्तर द्या.

कॉलोनेडच्या समोर उताराला चॅपल आहे. जुन्या पुस्तकांत, नकाशांत आणि काही ॲप्समध्ये ते 'ली चॅपल' म्हणून सापडेल. २०२१ मध्ये त्याचं नाव 'युनिव्हर्सिटी चॅपल' झालं. त्याच वर्षी विश्वस्तांनी विद्यापीठाच्या नावातलं 'ली' मात्र कायम ठेवलं. चॅपल १८६७-६८ मध्ये खुद्द ली अध्यक्ष असताना बांधलं गेलं. आत त्यांचा एडवर्ड व्हॅलेंटाइन यांनी घडवलेला आडवा संगमरवरी पुतळा आहे. पाहणाऱ्यांना ही समाधी वाटते, तशी ती नाही. पुतळा रणांगणावर झोपलेल्या लींचा आहे. खरी समाधी खालच्या मजल्यावरच्या तळघरात आहे, कुटुंबीयांसोबत. सभागृह आणि पुतळ्याची खोली यांच्यामध्ये आता भिंत आहे, त्यामुळे जुन्या फोटोत दिसतो तसा पुतळा व्यासपीठामागे दिसत नाही. आत जाताच कर्मचाऱ्याला विचारा, तो वाट दाखवेल. खालच्या संग्रहालयात लींची कचेरी त्यांनी सोडली तशी ठेवलेली आहे. बाहेर भिंतीलगत त्यांच्या 'ट्रॅव्हलर' घोड्याला पुरलेलं आहे. लोक तिथे नाणी आणि सफरचंदं ठेवतात.

नावं का बदलली हे माहीत नसेल तर ही सगळी फेरी अर्धी समजते. ली आणि जॅक्सन हे दक्षिणेचे, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांचे सेनापती. कॉलेज स्वतःही त्यात होतं. १८२६ मध्ये जॉन रॉबिन्सन यांच्या मृत्युपत्राने त्यांच्या मालकीची गुलाम माणसं कॉलेजला मिळाली आणि कॉलेजने पुढे त्यातल्या अनेकांना विकलं. कॅम्पसवर त्यांच्या नावांचं स्मारक आहे. ते शोधून वाचा, पाच मिनिटं लागतात. कॉलोनेडमधली जी इमारत रॉबिन्सन यांच्या नावाने होती, ती आता 'चेव्हिस हॉल' आहे. जॉन चेव्हिस हे अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे शिकलेले कृष्णवर्णीय विद्वान. मार्गदर्शकांना या विषयावर प्रश्न विचारायला संकोचू नका, ते सरळ उत्तरं देतात.

चिनी मातीच्या जुन्या भांड्यांची आवड असेल तर रीव्ह्ज संग्रहालय पाहा. नसेल तर पुढे चला.

७. दुपार : व्हीएमआय

चॅपलकडून लेचर अव्हेन्यू धरून पुढे गेलात की इमारतींचा रंगच बदलतो. लाल विटा संपून फिकट, किल्ल्यासारख्या भिंती सुरू होतात आणि समोर प्रचंड मैदान उघडतं. यातून आडवं चालत जायचं नाही. कडेचा रस्ता धरा.

आधी संग्रहालय गाठा. ते मेमोरियल हॉलच्या तळमजल्यावर आहे. हेही जुन्या नकाशात 'जॅक्सन मेमोरियल हॉल' म्हणून दिसेल, नाव २०२१ मध्ये बदललं. तिकीट नाही, देणगी द्यावी. इथे जॅक्सन यांचा 'लिटल सॉरेल' हा घोडा साच्यावर कातडं मढवून उभा केलेला आहे आणि १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलला आपल्याच सैनिकांच्या गोळ्या लागल्या तेव्हा त्यांच्या अंगावर असलेला रेनकोटही आहे. लहान मुलं घोड्यापाशी रेंगाळतात. तुम्ही जुन्या बंदुकांच्या दालनालाही वेळ द्या. वर सभागृहात न्यू मार्केटच्या चढाईचं भलंमोठं चित्र आहे. कार्यक्रम चालू असेल तर वर सोडत नाहीत, म्हणून खाली विचारूनच जा. कॅडेट्स घडवतात ती मार्गदर्शित फेरी सत्राच्या दिवसांत असते. तिची वेळ संग्रहालयाच्या काउंटरवर विचारा आणि मिळाली तर सोडू नका. माहितीफलकावर नसलेलं तिच्यात कळतं, विशेषतः पहिल्या वर्षाच्या मुलांबद्दल. त्यांना 'रॅट' म्हणतात आणि 'रॅट लाइन' हा कडक प्रशिक्षणाचा काळ संपेपर्यंत त्यांचं जगणं खडतर असतं.

बराकी बाहेरूनच पाहायच्या. सगळे कॅडेट चारही वर्षं तिथेच राहतात आणि कॅडेट सोबत असल्याशिवाय पाहुण्यांना आत जाता येत नाही. कमानीत उभ्या पहारेकऱ्याचा फोटो काढायला हरकत नाही. त्याला बोलतं करायचा प्रयत्न नको. समोर जॉर्ज वॉशिंग्टन यांचा ब्राँझ पुतळा आहे. जून १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल हंटर यांनी व्हीएमआय जाळलं, तेव्हा सैनिकांनी तो उचलून नेला होता. १८६६ मध्ये परत आला. जॅक्सन यांचा पुतळा शोधत बसू नका, डिसेंबर २०२० मध्ये तो इथून हलवला. 'मॅथ्यू, मार्क, ल्यूक, जॉन' या चार तोफा मात्र आहेत.

मैदानाच्या कडेला बसलेली शोकमग्न स्त्रीमूर्ती दिसेल. तिच्या पायथ्याशी न्यू मार्केटच्या दहापैकी सहा कॅडेट पुरलेले आहेत. शिल्पकार मोझेस इझिकेल हे इथलेच पहिले ज्यू कॅडेट, स्वतः त्या लढाईत होते. तिथे चढून फोटो काढू नका आणि मुलांनाही चढू देऊ नका.

जॉर्ज मार्शल हेही इथलेच, १९०१ चे पदवीधर. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला सावरणाऱ्या अमेरिकी मदतीला, म्हणजे मार्शल योजनेला, त्यांचंच नाव आहे आणि १९५३ च्या शांतता नोबेलचे ते मानकरी. त्यांचं संग्रहालय उघडं आहे का, याची आधी खात्री करा. जोनाथन डॅनियल्स यांचं नाव बराकीच्या एका कमानीला आहे. १९६१ चे हे पदवीधर १९६५ मध्ये अलाबामात नागरी हक्कांच्या लढ्यात एका कृष्णवर्णीय मुलीला वाचवताना मारले गेले. आणि मैदानावर मुली दिसतील, त्या १९९७ पासून. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला तेव्हा कुठे दार उघडलं.

८. संचलन पाहताना

अर्धा तास आधी येऊन बसा. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा, नाहीतर सगळे फोटो काळे येतात. राष्ट्रगीत वाजलं की उभं राहायचं, टोपी काढायची. ध्वज उतरवताना बिगूल वाजला तर चालत असाल तिथेच थांबायचं. गाड्याही थांबतात. तोफ ध्वजाच्या वेळेस उडते, तेव्हा मुलांचे कान आधीच झाका. पाऊण तासाच्या आसपास सगळं आटोपतं.

९. प्रवेशासाठी पाहणार असाल तर

नुसतं फिरून उपयोग नाही, दोन्ही प्रवेश कचेऱ्यांकडे स्वतंत्र नोंदणी आधी करा. व्हीएमआयच्या ओपन हाउसमध्ये मुलाला किंवा मुलीला एक रात्र बराकीत कॅडेट्ससोबत राहता येतं. तीन-चार माहितीपत्रकं वाचून जे कळत नाही ते त्या एका रात्रीत कळतं. सैन्यात अधिकारी होण्यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर असलेल्या कुटुंबांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. व्हीएमआयचं शुल्क राज्यातल्या आणि बाहेरच्यांना वेगळं. वॉशिंग्टन अँड ली खासगी आणि महाग, पण 'जॉन्सन' शिष्यवृत्तीत शिक्षणासह राहण्या-जेवणाचा खर्च येतो. स्पर्धा कडक, अर्ज लवकर. दोन्हीकडे 'ऑनर' नियम गंभीरपणे पाळतात : खोटं बोलणं, नक्कल किंवा चोरी सिद्ध झाली तर थेट बाहेर. मुलाला हे आधीच स्पष्ट सांगा.

१०. परतताना

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी दक्षिणेला पंधराएक मैलांवर नॅचरल ब्रिजचा दगडी सेतू पाहून या. उत्तरेला घरी परतणाऱ्यांनी आय-८१ वर एक्झिट २६४ ला उतरून न्यू मार्केटचं रणांगण पाहावं. तिथलं यादवी युद्धाचं संग्रहालय व्हीएमआयच चालवतं, तिकीट आहे आणि जॅक्सन यांचा पुतळा आता तिथे आहे. चिखलात कॅडेट्सचे बूट रुतून राहिले ते शेत शेजारीच आहे, पावसाळी दिवशी तुमचेही रुततील. संचलनानंतर निघालात तर मात्र तिथे पोहोचेपर्यंत संग्रहालय बंद झालेलं असतं. ते सकाळी येतानाच उरकून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवसावर ठेवा.